‘मीही येणार नाही’ इंग्रजीत कसं म्हणायचं? ‘ऑल्सो’, ‘आयदर’ आणि ‘नायदर’चा घोळ समजून घ्या

अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची लेणी मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरमध्ये पर्यटकांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्यांना हे पाठ असतं. बाहेरून आलेल्या पाहुण्याला मात्र ते माहीत नसतं.

समजा, रविवारी संध्याकाळी एका परदेशी पर्यटकाला टॅक्सीवाल्याने सांगितलं, ‘अजंता वोन्ट बी ओपन टुमारो.’ पर्यटकाने विचारलं, ‘सो एलोरा वोन्ट बी ओपन आयदर?’ म्हणजे, मग वेरूळही उघडं नसणार का? टॅक्सीवाल्याच्या मनात मराठी उत्तर तयार आहे: ‘नाही, वेरूळ उघडं आहे.’ त्यातला पहिला शब्द तो इंग्रजीत उच्चारतो, ‘नो.’ आणि तेवढ्यात फोन वाजतो.

पर्यटकाने यातून काय समजायचं? इंग्रजीत या प्रश्नाला ‘नो’ म्हणजे ‘नाही, तेही उघडं नसणार’. बिचाऱ्याचा सोमवार हॉटेलच्या खोलीत जातो आणि टॅक्सीवाल्याचं एक भाडं.

एका नकाराला दुसरा नकार जोडणं, तेही भविष्यकाळात, ही मराठीत अगदी साधी गोष्ट आहे. इंग्रजीत मात्र इथेच अनेकांचा पाय घसरतो. मुलाखतीत, ऑफिसच्या ईमेलमध्ये, स्पर्धा परीक्षेतल्या चुका शोधण्याच्या प्रश्नांत हा मुद्दा हमखास आडवा येतो. तो नीट समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर

- दुसऱ्याच्या नकारात आपला नकार मिसळायचा असेल तर: ‘आय वोन्ट कम आयदर’ किंवा ‘नायदर विल आय’.
- आपल्याच एका नकाराला आपलाच दुसरा नकार जोडायचा असेल तर: ‘आय ऑल्सो वोन्ट...’ चालतं. लेखी भाषेत ‘नॉर विल आय...’ शोभतं.
- ‘नायदर’ आणि ‘नॉर’ हे शब्द स्वतःच नकारार्थी आहेत. त्यांच्यासोबत पुन्हा ‘नॉट’ लावायचं नाही.
- नकारार्थी प्रश्नाला नुसतं ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणून थांबू नका. पूर्ण वाक्य बोला.

सगळं ‘ही’वर अवलंबून आहे

इंग्रजीकडे जाण्याआधी आपण मराठीत काय करतो ते पाहू. ही दोन वाक्यं बघा:

‘मीही फोन घेणार नाही.’
‘मी फोनही घेणार नाही.’

शब्द तेच आहेत. फक्त ‘ही’ची जागा बदलली आणि अर्थ बदलला. पहिल्या वाक्यात आधी दुसऱ्या कोणीतरी फोन घेणार नसल्याचं सांगितलंय आणि आता त्या यादीत मी सामील होतोय. दुसऱ्या वाक्यात माणूस एकच आहे. तो येणार तर नाहीच, वर फोन घेणार नाही.

मराठीत ‘ही’, ‘सुद्धा’, ‘देखील’ किंवा बोलण्यातलं ‘पण’ ज्या शब्दाला चिकटतं, त्या शब्दावर भर जातो. शिवाय ‘मीही येईन’ आणि ‘मीही येणार नाही’ या दोन्हींत ‘ही’ तोच राहतो. वाक्य होकारार्थी आहे की नकारार्थी, याने त्याला फरक पडत नाही.

इंग्रजीत तसं नाही. होकारार्थी वाक्यात ‘टू’ किंवा ‘ऑल्सो’ येतं. वाक्य नकारार्थी झालं की बहुतेक वेळा शब्दच बदलतो आणि त्या जागी ‘आयदर’ किंवा ‘नायदर’ येतं. मराठी माणूस ‘ही’चं भाषांतर ‘ऑल्सो’ असं पाठ करतो आणि ते सगळीकडे वापरतो. चुकीचं मूळ इथे आहे.

प्रकार पहिला: ‘तू नाही, तर मीही नाही’

मित्र म्हणतो, ‘आय वोन्ट कम टुमारो.’ तुम्हालाही यायचं नाही. तुमच्याकडे चार पर्याय आहेत:

- ‘आय वोन्ट कम आयदर.’ सगळ्यात सुरक्षित. वाक्य नेहमीसारखं नकारार्थी करायचं आणि शेवटी ‘आयदर’ लावायचं. ‘आय वोन्ट आयदर’ एवढंही पुरतं.
- ‘नायदर विल आय.’ छोटं आणि ठसठशीत. इथे ‘विल’ आधी आणि ‘आय’ नंतर येतं.
- ‘नॉर विल आय.’ अर्थ तोच, सूर किंचित औपचारिक.
- ‘मी नायदर.’ फक्त गप्पांमध्ये. परीक्षेत किंवा ऑफिसच्या पत्रात नको.

दुसऱ्या पर्यायात सर्वाधिक चुका होतात. ‘नायदर आय विल’ असं अनेकजण बोलतात, कारण कर्ता आधी आणि क्रियापद नंतर ही सवय पक्की झालेली असते. पण इंग्रजीत नकारार्थी शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारतं. ‘नेव्हर विल आय’मध्ये हेच घडतं. प्रश्न विचारताना ‘विल आय?’ म्हणतो तीच रचना, फक्त प्रश्नचिन्ह नाही, असं लक्षात ठेवलं तरी काम होतं.

आणखी एक चूक म्हणजे नकाराला ‘मी टू’ म्हणणं. समोरचा ‘आय वोन्ट कम’ म्हणाला आणि तुम्ही ‘मी टू’ म्हणालात, तर संदर्भावरून तो समजून घेईल. पण ‘टू’ होकाराचा सोबती आहे, त्यामुळे कानाला खटकतं.

समोरच्याचं साहाय्यक क्रियापद पकडा

भविष्यकाळ म्हटलं की ‘विल’, असं शाळेत डोक्यात बसतं. इंग्रजीत मात्र पुढच्या गोष्टी सांगण्याच्या अनेक पद्धती आहेत. म्हणून प्रत्येक वेळी ‘नायदर विल आय’ म्हणून चालत नाही. समोरच्याच्या वाक्यातलं पहिलं साहाय्यक क्रियापद उचलायचं आणि कर्त्याप्रमाणे त्याचं रूप जुळवायचं.

- ‘आय वोन्ट जॉइन’ ऐकलं तर: ‘नायदर विल आय’.
- ‘आय अ‍ॅम नॉट गोइंग टू जॉइन’ ऐकलं तर: ‘नायदर अ‍ॅम आय’. कर्ता ‘ही’ असेल तर ‘नायदर इज ही’.
- ‘वुई आर नॉट कमिंग ऑन फ्रायडे’ ऐकलं तर: ‘नायदर आर दे’ किंवा ‘नायदर अ‍ॅम आय’.
- ‘द बस डझन्ट लीव्ह टिल नाइन’ ऐकलं तर: ‘नायदर डझ द ट्रेन’. वेळापत्रकातली गोष्ट असल्याने इथे अर्थ भविष्याचा, रूप मात्र साध्या वर्तमानकाळाचं.
- ‘आय वोन्ट हॅव फिनिश्ड बाय मंडे’ ऐकलं तर: ‘नायदर विल आय’. दोन साहाय्यक क्रियापदं असली तरी पहिलंच उचलायचं.

चुका शोधण्याच्या प्रश्नांत हा सापळा सोपा असतो. पहिल्या वाक्यात ‘इज नॉट गोइंग टू’ असतं आणि उत्तरात ‘नायदर विल’ दिलेलं असतं. घाईत वाचणाऱ्याला ते बरोबर वाटतं, कारण अर्थ जुळतो. जोडी मात्र जुळत नाही.

प्रकार दुसरा: ‘येणार नाही, आणि फोनही घेणार नाही’

आता माणूस एकच, नकार दोन. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘नकारात ऑल्सो कधीच वापरायचं नाही’ असा सरसकट नियम काहीजण सांगतात. तो बरोबर नाही.

ऑफिसला रजेचा मेल लिहिताना ‘आय वोन्ट बी इन द ऑफिस ऑन मंडे. आय ऑल्सो वोन्ट बी टेकिंग कॉल्स’ हे वाक्य इंग्रजीत व्यवस्थित बसतं. कारण इथे ‘ऑल्सो’ दुसऱ्या माणसाची नाही, तर दुसऱ्या माहितीची भर घालतंय. ‘आय वोन्ट बी टेकिंग कॉल्स आयदर’ असंही म्हणता येतं.

औपचारिक लेखनात हेच ‘नॉर’ने होतं. मराठी सूचनापत्रकांतला ‘तसेच’ आठवा: ‘उमेदवारास उशिरा प्रवेश दिला जाणार नाही, तसेच परीक्षा पुन्हा घेतली जाणार नाही.’ इंग्रजीत याचं रूप ‘लेट एंट्री विल नॉट बी अलाउड, नॉर विल द एक्झाम बी हेल्ड अगेन’ असं होतं. ‘तसेच’साठी ‘अँड ऑल्सो’ लिहिण्याची सवय असलेल्यांनी ही रचना जरूर उचलावी. पत्र एकदम नेटकं वाटतं.

मराठीतल्या ‘ही’चा आणखी एक अर्थ आहे. ‘तो फोनही करणार नाही’ यात कधी ‘फोनसुद्धा नाही, एवढंही करणार नाही’ अशी तक्रार असते. तेव्हा ‘आयदर’ नको, ‘ईव्हन’ हवं: ‘ही वोन्ट ईव्हन कॉल.’ त्याच्या पुढची पायरी म्हणजे ‘तो फोनही करणार नाही, येणं तर सोडाच’. यातल्या ‘सोडाच’साठी इंग्रजीत ‘लेट अलोन’ आहे: ‘ही वोन्ट ईव्हन कॉल, लेट अलोन कम.’ छोटी गोष्ट आधी आणि मोठी गोष्ट नंतर, हा क्रम दोन्ही भाषांत सारखाच आहे.

‘कोणीही येणार नाही’ आणि दोन नकारांची टक्कर

‘कोणीही येणार नाही’ या मराठी वाक्यात नकार एकच आहे, शेवटच्या ‘नाही’त. भाषांतर करताना मात्र ‘कोणीही’साठी ‘नोबडी’ आठवतं, ‘येणार नाही’साठी ‘विल नॉट कम’ आठवतं आणि तयार होतं ‘नोबडी विल नॉट कम’. प्रमाण इंग्रजीत याचा शब्दशः अर्थ उलटा, म्हणजे ‘न येणारा कोणीच नसेल’ असा निघतो. बरोबर वाक्य आहे ‘नोबडी विल कम’.

‘नायदर-नॉर’च्या जोडीत हेच घडतं. ‘आईही येणार नाही आणि बाबाही येणार नाहीत’ यासाठी ‘नायदर माय मदर नॉर माय फादर विल कम’ म्हणायचं. मराठीतले दोन ‘नाही’ इंग्रजीत ‘नायदर’ आणि ‘नॉर’मध्ये विरघळून गेलेले असतात. तिथे ‘वोन्ट’ लावलं की नकार जास्तीचा होतो.

दोन नकार एकमेकांना खोडतात, हा नियम इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत रुजवण्यात रॉबर्ट लोथ या बिशपचा मोठा वाटा मानला जातो. १७६२मध्ये त्यांचं छोटेखानी इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध झालं आणि पुढे शाळांत त्याचा प्रभाव टिकला. त्याआधीच्या इंग्रजीत दुहेरी नकार सर्रास सापडतात आणि आजही अनेक बोलींत ते ऐकू येतात. म्हणजे एखाद्या इंग्रजी गाण्यात ‘आय वोन्ट गो नायदर’ ऐकलंत तर दचकू नका. परीक्षेत मात्र ते लिहू नका.

भविष्यकाळात एक सोय आहे. ‘नायदर-नॉर’च्या वाक्यात क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे बदलतं, ही डोकेदुखी ‘विल’मुळे टळते. कर्ता कोणीही असला तरी ‘विल’ तसंच राहतं. ‘गोइंग टू’ वापरलं की ती परत येते: ‘नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स आर गोइंग टू कम.’

‘हो, येणार नाही’ की ‘नाही, येणार नाही’?

आता पुन्हा त्या टॅक्सीकडे जाऊ. मराठीत कोणी विचारलं, ‘तू उद्या येणार नाहीस ना?’ तर ‘हो, नाही येणार’ हे सहज उत्तर आहे. आपला ‘हो’ समोरच्याच्या बोलण्याला असतो: तू म्हणतोस ते खरं आहे. इंग्रजीतलं ‘येस’ किंवा ‘नो’ मात्र पुढच्या वाक्याशी जुळावं लागतं. वाक्य नकारार्थी असेल तर ‘नो’, होकारार्थी असेल तर ‘येस’.

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत परदेशी ग्राहकाशी कॉल सुरू आहे, असं समजा. ग्राहक विचारतो, ‘यू वोन्ट बी एबल टू शिप बाय फ्रायडे?’ तुम्हाला शुक्रवारपर्यंत माल पाठवता येणार नाही. तुम्ही मराठी पद्धतीने ‘येस’ म्हणता. ग्राहकाला वाटू शकतं की माल शुक्रवारी निघतोय. त्यात त्याने पुढे विचारलं, ‘अँड द सेकंड लॉट?’ आणि तुम्ही ‘ऑल्सो’ एवढंच म्हणालात, तर दोन्ही लॉटचा गोंधळ झालाच म्हणून समजा.

यावर उपाय एकच: पूर्ण वाक्य. ‘नो, वुई वोन्ट. द सेकंड लॉट वोन्ट बी रेडी आयदर.’ तसंच टॅक्सीवाल्याने ‘एलोरा विल बी ओपन टुमारो’ म्हटलं असतं, तर ‘येस’ की ‘नो’ हा प्रश्नच उरला नसता.

‘वोन्ट’ की ‘वॉन्ट’?

बोलताना आणखी एक अडचण उच्चाराची. ‘विल नॉट’चं संक्षिप्त रूप ‘वोन्ट’ आहे. त्यातला स्वर ‘डोन्ट’मधल्यासारखा, ‘ओ’. ‘हवं आहे’ या अर्थाचा शब्द ‘वॉन्ट’, त्यातला स्वर ‘ऑ’. घाईत दोन्ही सारखेच निघतात आणि ‘आय वोन्ट टेक द जॉब’चं ‘मला ही नोकरी हवी’ असं काहीतरी ऐकू येतं. मुलाखतीत शंका वाटली तर सरळ ‘विल नॉट’ म्हणावं. ते थोडं ठाम वाटतं, पण चुकीचं नाही.

‘विल’मधून ‘वोन्ट’ कसं आलं, हा प्रश्नही अनेकांना पडतो. जुन्या इंग्रजीच्या काही बोलींत ‘विल’ऐवजी ‘वोल’ असं रूप होतं. ते रूप गेलं, पण ‘नॉट’सोबतच्या जोडीत त्याचा ‘ओ’ टिकून राहिला.

आजी-आजोबांच्या पिढीने ‘आय शॅल’ आणि ‘आय शांट’ घोकलेलं असतं. ‘आय’ आणि ‘वुई’सोबत ‘शॅल’, बाकी सगळीकडे ‘विल’ हा नियम जॉन वॉलिस यांच्या १६५३च्या व्याकरणापर्यंत मागे जातो. आपल्याकडे तो रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकासारख्या शालेय व्याकरणांतून घरोघरी पोहोचला. आज ‘नायदर विल आय’ सर्वमान्य आहे. ‘नायदर शॅल आय’ चुकीचं नाही, पण जुनं वाटतं.

‘आयदर’ आणि ‘ईदर’, ‘नायदर’ आणि ‘नीदर’ हे दोन्ही उच्चार बरोबर आहेत. एक निवडा आणि तोच ठेवा.

ही चूक आपल्याकडेच का होते?

संभाजीनगर हे एकाच वेळी दोन-तीन भाषा बोलणारं शहर आहे. निजामाच्या राजवटीत सरकारी कारभार आणि शिक्षणात उर्दूचं वर्चस्व होतं. १९४८नंतर चित्र बदललं, १९५०मध्ये मिलिंद महाविद्यालय आणि १९५८मध्ये मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. आजही एका चौकात मराठी, हिंदी आणि दखनी कानावर पडते.

गंमत म्हणजे या मुद्द्यावर या भाषांचं एकमत आहे. ‘मीही येणार नाही’ आणि ‘मैं भी नहीं आऊंगा’ यांची बांधणी सारखी आहे. होकार असो वा नकार, ‘ही’ आणि ‘भी’ बदलत नाहीत. त्यामुळे इंग्रजीत वेगळा शब्द लागेल, अशी शंका यायचं कारणच नसतं.

राज्यात २०००पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. तरीही शब्दाला शब्द लावून भाषांतर करण्याची सवय जुनी आहे. बीड, जालना, परभणी, हिंगोलीहून स्पर्धा परीक्षेसाठी शहरात येऊन अभ्यासिकेत बसणाऱ्या अनेक मुलांचं बाकी व्याकरण पक्कं असतं. पण ‘ही म्हणजे ऑल्सो’ हे समीकरण इतक्या लहानपणी बसलेलं असतं की ते तपासून पाहायचं राहून जातं.

मग ‘आय ऑल्सो विल नॉट कम’ चूक आहे का?

भारतात हे वाक्य रोज बोललं जातं आणि ते सगळ्यांना कळतं. मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यासाठी कोणाला हसण्याचं कारण नाही. पण परीक्षेत, अर्जात आणि बाहेरच्या ग्राहकाशी बोलताना प्रमाण इंग्रजीची अपेक्षा असते. तिथे दुसऱ्याच्या नकारात सामील होताना ‘आयदर’ किंवा ‘नायदर’च वापरा. भाषा कुठे वापरायची आहे, त्यावर शब्द ठरतो.

स्वतःला तपासा

खालच्या वाक्यांचं इंग्रजी आधी मनात करा, मग उत्तर वाचा.

१. ‘ती अर्ज भरणार नाही. मीही भरणार नाही.’ (‘विल’ वापरा)
उत्तर: ‘शी वोन्ट अप्लाय. नायदर विल आय.’

२. ‘आम्ही पुण्याला जाणार नाही आहोत. तेही नाहीत.’ (‘गोइंग टू’ वापरा)
उत्तर: ‘वुई आर नॉट गोइंग टू मूव्ह टू पुणे. नायदर आर दे.’

३. ‘मी सोमवारी येणार नाही आणि मेलही बघणार नाही.’
उत्तर: ‘आय वोन्ट कम ऑन मंडे, अँड आय वोन्ट चेक माय मेल आयदर.’

४. ‘उद्या कोणीही क्लासला येणार नाही.’
उत्तर: ‘नोबडी विल कम टू क्लास टुमारो.’

५. ‘तो उत्तरही देणार नाही, पैसे परत करणं तर सोडाच.’
उत्तर: ‘ही वोन्ट ईव्हन रिप्लाय, लेट अलोन रिटर्न द मनी.’

पाचही जमली असतील तर उत्तम. एखादं चुकलं असेल तर ते वाक्य पुन्हा मराठीत वाचा आणि ‘ही’ कोणत्या शब्दाला चिकटलाय ते पाहा. तो माणसाला चिकटला असेल तर ‘नायदर’ किंवा ‘आयदर’. कामाला चिकटला असेल तर ‘आयदर’, ‘ऑल्सो’, ‘नॉर’ किंवा ‘ईव्हन’ यांतलं एक. बहुतेक वेळा तेवढं पाहिलं की उत्तर सापडतं.